कातडीचा पापुद्रा वाढवताना

प्रौढ माणसाच्या अंगावर साधारण पावणेदोन चौरस मीटर कातडी असते. त्यातली निम्मी खोलवर भाजली तर साडेआठ-नऊ हजार चौरस सेंटिमीटर उघडी जखम झाकायची असते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कातडीचा ५० चौ. सेंमी.चा एक पापुद्रा धरला तर १७० ते १८० पापुद्रे लागतात. फाटलेले, आक्रसलेले, जंतू सापडले म्हणून टाकून दिलेले जमेस धरले तर दोनशेच्या वर. ही सगळी कातडी उगवायची असते ती रुग्णाच्या जांघेतून किंवा काखेतून घेतलेल्या २ ते ४ चौ. सेंमी.च्या तुकड्यातून, आणि तीही तीन-चार आठवड्यांत.

प्रयोगशाळेत मूत्रपिंड किंवा हृदय घडवण्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पण रुग्णाच्याच पेशी बाहेर वाढवून त्याच्याच अंगावर बसवल्या आणि त्या वर्षानुवर्षं टिकल्या, याचा सर्वांत जुना आणि भक्कम पुरावा कातडीचा आहे. १९७५ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी, म्हणजे केराटिनोसाइट, पिढ्यान्‌पिढ्या वाढवण्याची रीत बसवली. १९७९ मध्ये ग्रीन यांच्या गटाने वाढलेला थर अखंड सोडवून घेण्याची युक्ती दाखवली, आणि १९८१ साली बोस्टनमधल्या जळीत रुग्णांवर असे थर लावल्याचं प्रसिद्ध झालं. १९८३ मध्ये ५ आणि ६ वर्षांची दोन भावंडं ९५ टक्क्यांहून जास्त भाजली होती. त्यांच्या अंगाचा निम्म्याहून अधिक भाग अशा कातडीने झाकला गेला आणि ती वाचली. आज जगभर जे होतं ते मूळ त्याच रीतीवर चालतं.

हे काम हाताखालून जाताना एक गोष्ट पक्की होत जाते. पेशींची संख्या वाढवणं हा सोपा भाग आहे. कोणत्या पेशी वाढल्या आणि त्या कशावर टेकवल्या, यावर कातडी टिकते की महिन्याभरात विरघळून जाते ते ठरतं. पुढचा सगळा तपशील या दोन प्रश्नांभोवतीच फिरतो.

बायोप्सी, म्हणजे हा तुकडा कापून घेणं, जितकी लवकर तितकी चांगली. रुग्ण स्थिरावला की पहिल्या एक-दोन दिवसांतच घ्यावी, कारण त्यानंतर न भाजलेल्या कातडीवरही वॉर्डातले जंतू वस्ती करतात आणि ते थेट पेशी वाढवायच्या आपल्या फ्लास्कमध्ये येतात. तुकडा पूर्ण जाडीचा हवा. वरचेवर सोललेला पातळ तुकडा चालतो, पण केसांच्या मुळांभोवती खोलवर असलेल्या मूळपेशी, म्हणजे नवी कातडी सतत पुरवणाऱ्या पेशी, त्यात हुकतात. पोव्हिडोन-आयोडीनने जागा साफ केली असेल तर ते सलाइनने पूर्ण धुऊन मगच कापायला सांगावं. आयोडीन जंतूंइतकंच केराटिनोसाइटनाही मारतं. तुकडा प्रतिजैविकं आणि बुरशीनाशक घातलेल्या थंड मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात), ४ अंशांवर, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. इथे एक चूक वारंवार दिसते: ‘थंड ठेवा’ म्हटलं की कुणीतरी नळी बर्फाच्या खड्यांना चिकटवून ठेवतं आणि तुकड्याची एक बाजू गोठते. नळी आणि आइस पॅक यांच्यामध्ये जाड कापड किंवा थर्माकोल हवंच. सोबत रुग्णाचं रक्त जातं, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस तपासायला. पेशी त्याच्याच अंगावर परत जाणार असल्या तरी त्याच इन्क्युबेटरमध्ये दुसऱ्या कुणाच्याही पेशी असतात, म्हणून ही तपासणी टाळता येत नाही.

तुकडा आला की प्रतिजैविक घातलेल्या बफरमध्ये तीन-चार वेळा धुवायचा. मग वाकड्या कात्रीने खालची चरबी काढत जायचं, अंतस्त्वचेचा, म्हणजे बाह्यत्वचेखालच्या जाड थराचा, पांढरा भाग दिसेपर्यंत. चरबी राहिली तर एन्झाइम आत शिरत नाही. २ ते ३ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापून त्या डिस्पेज या थर सुटे करणाऱ्या एन्झाइममध्ये, मिलिलिटरमागे सुमारे २.४ युनिट, ४ अंशांवर रात्रभर ठेवतो. सकाळी चिमट्याने बाह्यत्वचा एका ओढीत सुटून येते. ओढताना फाटत असेल तर डिस्पेज पोचलेलं नाही, जबरदस्ती करू नये. ३७ अंशांवर अर्धा तास आणखी द्यावा. घाई म्हणून सुरुवातीपासूनच ३७ अंशांवर तासन्‌तास ठेवलं तर सर्वांत खालच्या थरातल्या पेशींना इजा होते, आणि आपल्याला हव्या असतात त्या नेमक्या त्याच. सुटलेल्या बाह्यत्वचेची खालची बाजू ट्रिप्सिन या पेशी एकमेकींपासून सोडवणाऱ्या एन्झाइममध्ये (०.०५ टक्के, सोबत कॅल्शियम बांधून ठेवणारं ईडीटीए) ३७ अंशांवर १० ते १५ मिनिटं, मग सीरम घालून थांबवायचं. उरलेल्या अंतस्त्वचेचा पृष्ठभाग बोथट पात्याने हलकेच खरवडून घ्यावा. काही मूळपेशी तिथेच चिकटून राहिलेल्या असतात.

दुसरी रीत डिस्पेज वगळते. बारीक चिरलेला तुकडा ट्रिप्सिनमध्ये ढवळत ठेवायचा आणि दर अर्ध्या तासाने सुटलेल्या पेशी काढून घ्यायच्या, असं सुमारे तीन तास. पेशी जास्त मिळतात, पण अंतस्त्वचेतले फायब्रोब्लास्टही, म्हणजे तंतू तयार करणाऱ्या पेशीही, सोबत येतात. तुकडा मोठा आणि वेळ असेल तर पहिली रीत, तुकडा अगदीच लहान असेल तर दुसरी, असा आमचा कल आहे.

हे सगळं सुरू होण्याआधी एक तयारी झालेली लागते: फीडर. केराटिनोसाइट नुसत्या प्लास्टिकवर मोठ्या पिढ्या काढत नाहीत. त्यांना शेजार लागतो तो उंदराच्या गर्भापासून काढलेल्या ३टी३ पेशींचा, आणि या पेशी जिवंत पण विभाजन थांबलेल्या हव्यात. त्यासाठी गॅमा किरणांची ६० ग्रे मात्रा किंवा मायटोमायसिन-सी, मिलिलिटरमागे ४ मायक्रोग्रॅम, दोन तास. मायटोमायसिन वापरलं तर निदान तीनदा नीट धुवावं. उरलेला अंशसुद्धा नंतर घातलेल्या केराटिनोसाइटना मारतो, आणि चौथ्या दिवशी रिकामा फ्लास्क बघून बायोप्सीला दोष दिला जातो. फीडरची दाटी चौ. सेंमी.मागे २० ते २५ हजार. विरळ पडली तर रुग्णाचे फायब्रोब्लास्ट जागा बळकावतात, दाट झाली तर कॉलन्यांना, म्हणजे एकेका केराटिनोसाइटपासून वाढणाऱ्या पुंजक्यांना, पसरायला वाव राहत नाही. प्रत्येक खेपेला नुसत्या फीडरचा एक फ्लास्क बाजूला ठेवून दोन आठवडे पाहावा. त्यात नवीन वाढ दिसली तर विभाजन पुरतं थांबलेलं नाही, आणि ती सगळी खेप रुग्णासाठी बाद.

आपल्याकडच्या मंडळींनी इथे एक फरक लक्षात ठेवावा. संशोधनासाठी पेशींच्या वाणांची राष्ट्रीय पेढी पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस) आहे, आणि हात बसवायला, रीत पक्की करायला तिथलं वाण उत्तम. पण रुग्णाच्या अंगावर जाणाऱ्या कातडीसाठी फीडरची पेढी विषाणू-तपासणीसकट औषधनिर्मितीच्या दर्जाची असावी लागते. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सा चाचणी नियमांनुसार पेशींपासून बनवलेलं उत्पादन ‘नवीन औषध’ मानलं जातं, त्यामुळे ही परवानगीची वाट सुरुवातीलाच धरावी लागते, पहिला रुग्ण समोर आल्यावर नाही.

मीडिया म्हणजे डीएमईएम आणि हॅम एफ-१२ या दोन तयार पोषक द्रवांचं मिश्रण, प्रमाण बहुधा ३ ला १. त्यात १० टक्के गर्भवासराचं सीरम, इन्शुलिन ५ मायक्रोग्रॅम, हायड्रोकॉर्टिसोन ०.४ मायक्रोग्रॅम, अ‍ॅडेनिन २४ मायक्रोग्रॅम दर मिलिलिटरला. ट्रायआयोडोथायरोनिन २ नॅनोमोलर, कॉलरा टॉक्सिन ०.१ नॅनोमोलर. कॉलऱ्याचं विष ऐकून दचकायला होतं, पण या मात्रेत ते पेशीतलं सायक्लिक एएमपी वाढवून केराटिनोसाइटना विभाजित होत ठेवतं. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर १० नॅनोग्रॅम, तोही तिसऱ्या दिवसापासून. पहिल्याच दिवशी घातला तर नवख्या कॉलन्या नीट मूळ धरत नाहीत. कॉलनी बसल्यावर घातला तर तिच्या कडा बाहेर सरकत राहतात आणि मधली गर्दी टळते. सीरमची प्रत्येक लॉट वेगळी. त्याच कंपनीचा तोच माल, पण लॉट बदलली की कॉलन्यांची संख्या निम्म्यावर येऊ शकते. म्हणून दोन-तीन लॉटचे नमुने मागवून चाचणी करायची आणि चांगली निघाली ती वर्षभराची एकदम उचलायची.

सीरम आणि उंदराच्या पेशी दोन्ही टाळणारे तयार मीडियाही मिळतात. त्यांत कॅल्शियम मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, त्यामुळे पेशी एकपदरी पसरतात आणि एकावर एक चढत नाहीत. पापुद्रा हवा असेल तर शेवटी कॅल्शियम वाढवावं लागतं. सुरुवातीला वाढ झकास दिसते. पण पिढ्या मोजत गेलं की मूळपेशी फीडरवर टिकतात तितक्या तिथे टिकत नाहीत. मोठ्या जळीतासाठी आम्ही अजून फीडरच्याच बाजूने आहोत.

पहिल्यांदा पेशी पेरताना चौ. सेंमी.मागे २५ ते ३० हजार. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली आठ-दहा पेशींचे पुंजके दिसायला लागतात. चांगली कॉलनी ओळखायला डोळा लवकर तयार होतो: पेशी लहान, एकमेकींना घट्ट खेटून, कड गुळगुळीत आणि चकचकीत, भोवतीचे फीडर बाहेर ढकलले गेलेले. वाईट कॉलनीची कड फाटकी असते, पेशी मोठ्या आणि चपट्या, मध्येमध्ये मोकळ्या जागा. ट्रिप्सिन देऊन पेशी गोल केल्यावर त्यांचं आकारमानही बोलतं. ११ मायक्रॉनच्या आसपासच्या लहान पेशी नवी कॉलनी धरतात. २० मायक्रॉनच्या वर गेलेल्या धरत नाहीत.

मीडिया दोन-तीन दिवसांनी बदलायचा आणि फ्लास्कचा ७० ते ८० टक्के तळ भरला की पॅसेज करायचा, म्हणजे पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये पेरायच्या. पॅसेजच्या वेळी आधी नुसतं ईडीटीए (०.०२ टक्के) देऊन फ्लास्क हलकेच थोपटायचा, फीडर आणि फायब्रोब्लास्ट सुटून येतात, केराटिनोसाइट चिकटून राहतात. ते पाणी टाकून दिल्यावर मग ट्रिप्सिन. पुढची पेरणी विरळ, चौ. सेंमी.मागे ६ ते १० हजार. हा ८० टक्क्यांचा आकडा फार गांभीर्याने घ्यायला हवा. फ्लास्क पूर्ण भरू दिला तर कॉलन्यांच्या मध्यभागी पेशी एकावर एक चढतात आणि पक्व व्हायला लागतात, म्हणजे त्यांची विभाजनाची ताकद संपते. शुक्रवारी ७५ टक्के भरलेला फ्लास्क सोमवारपर्यंत ठेवला तर संख्या वाढलेली दिसते, पण भांडवल खाल्लेलं असतं. त्यामुळे या कामाचं वेळापत्रक पेशी ठरवतात. रविवार आणि दिवाळी त्यातच बसवावी लागते.

‘भांडवल’ कसं मोजायचं, तर १९८७ साली बारांदों आणि ग्रीन यांनी दाखवलं की दिसायला सारख्या केराटिनोसाइट तीन जातींच्या असतात. एकेक पेशी वेगळी वाढवून तिच्या संततीची चाचणी घेतली. होलोक्लोनच्या संततीत निष्फळ कॉलन्या ५ टक्क्यांहून कमी निघतात, त्या मूळपेशी. पॅराक्लोनची संतती जवळजवळ सगळीच निष्फळ ठरते, थोड्या पिढ्यांत ती संपते. मेरोक्लोन दोन्हींच्या मधले. होलोक्लोनचा पॅराक्लोन होतो, उलट होत नाही. वाईट सीरम, विरळ फीडर, उशिरा केलेला पॅसेज, ट्रिप्सिनमध्ये जास्त वेळ, या प्रत्येकाने हा उतार वेगाने होतो. आणि लावण्याच्या दिवशी पॅराक्लोननी भरलेला पापुद्रा होलोक्लोनच्या पापुद्र्याइतकाच देखणा दिसतो. जखमेवर तो लागतो, आठवडा-दोन आठवडे छान दिसतो आणि मग विरत जातो, कारण कातडी महिन्याभरात वरून झडत असते आणि खालून नवी पुरवणारं कुणी उरलेलं नसतं.

म्हणून प्रत्येक पॅसेजला एक चाचणी न चुकता करायची. काही शे पेशी फीडरवर वेगळ्या डिशमध्ये पेरायच्या, १२ दिवसांनी फॉर्मल्डिहाइडने स्थिर करून ऱ्होडामिन-बीने रंगवायच्या आणि कॉलन्या मोजायच्या: एकूण किती, त्यांतल्या लहान, वेड्यावाकड्या, निष्फळ किती. एकूण संख्येपेक्षा निष्फळांचं प्रमाण जास्त बोलकं. ते पॅसेजगणिक चढत असेल तर पुढचा पॅसेज न करता आहे त्यातूनच पापुद्रे करावेत. १२ दिवसांनी येणारा निकाल आजच्या फ्लास्कला उपयोगी नाही, ही तक्रार खरी आहे. पण आधीच्या पॅसेजचे निकाल हातात येत राहतात आणि दिशा कळते. शिवाय मूळपेशीत भरपूर असणारं पी६३ हे प्रथिन रंगवून लवकर अंदाज घेता येतो.

या मुद्द्याला डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावरच्या (कॉर्निया) कामाने सर्वांत स्पष्ट पुरावा दिला. रासायनिक भाजण्याने डोळ्याच्या काळ्या भागाच्या कडेच्या मूळपेशी नष्ट होतात, तेव्हा दुसऱ्या डोळ्यातून चिमूटभर घेऊन याच रीतीने वाढवून लावतात. २०१० साली इटलीतल्या गटाने ११२ रुग्णांचा हिशोब मांडला. कॉलनी धरणाऱ्या पेशींत पी६३ ने ठळक रंगणाऱ्या पेशी ३ टक्क्यांहून जास्त होत्या तिथे ७८ टक्के रुग्णांत यश आलं. ३ टक्के किंवा कमी होत्या तिथे अवघ्या ११ टक्क्यांत. शल्यविशारदाचा हात, जखम, औषधं यांचं महत्त्व आहेच, पण इतका फरक ३ टक्क्यांच्या रेषेने पडावा हे आम्हाला आजही थक्क करतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाची गोष्टही तेच सांगते. त्याला जन्मतः कातडी फोडांनी गळून पडण्याचा आजार होता, एलएएमबी३ या जनुकातल्या दोषामुळे. जर्मनीत बोखुमला उपचार, इटलीत मोदेनाला मिकेले दे लुका यांच्या प्रयोगशाळेत पेशींमध्ये दुरुस्त जनुक घालून कातडी वाढवली, आणि अंगाच्या सुमारे ८० टक्के भागावर नवी बाह्यत्वचा बसली. घातलेलं जनुक प्रत्येक पेशीत वेगळ्या जागी बसतं, त्या खुणेवरून वंशावळ लावता आली. काही महिन्यांनंतर ती सगळी कातडी थोड्याशा होलोक्लोन पेशींच्या वंशावर उभी होती. बाकीच्या आल्या आणि गेल्या.

आता जंतू. पावसाळ्यात आपल्याकडे बुरशी हा मोठा शत्रू. इन्क्युबेटरमधल्या पाण्याच्या तबकात, एसीच्या झोतात, पुठ्ठ्याच्या खोक्यांवर ती असते. पुठ्ठा स्वच्छ खोलीत येऊच द्यायचा नाही, सामान बाहेरच उघडून पुसून आत. तबकात निर्जंतुक पाणी, दर आठवड्याला बदल. जिवाणू आणि बुरशी निदान दिसतात तरी: मीडिया पिवळा पडतो, गढूळ होतो. मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू मात्र दिसत नाही. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा उपयोग नाही. तो इतका लहान की ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटतो. पेशी मरत नाहीत, फक्त वाढ मंदावते आणि कॉलनीचं प्रमाण घसरतं. तो बहुधा दुसऱ्या प्रयोगशाळेतून न तपासता आणलेल्या वाणातून येतो. दर महिन्याला पीसीआर, नवीन वाण वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये, एवढं कटाक्षाने पाळलं तर तो लांब राहतो.

यातली खरी अडचण वेळेची आहे. औषधसंहितेतली निर्जंतुकता चाचणी १४ दिवस चालते, आणि तयार पापुद्रा २४ तासांत लावायचा असतो. म्हणजे अंतिम निकाल येतो तेव्हा कातडी रुग्णाच्या अंगावर असते. त्यामुळे शेवटच्या पॅसेजआधी दोन-तीन दिवसांचे नमुने, निघायच्या दिवशी जिवाणू दाखवणारी ग्रॅम रंगपरीक्षा, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) आणि मायकोप्लाझ्माची पीसीआर, या आधारावर माल सोडतात. नंतर काही उगवलं तर ताबडतोब शल्यविशारदाला कळवायचं, कोणतं प्रतिजैविक चालेल याच्या अहवालासकट. हा फोन कोण करेल हे आधीच लिहून ठेवलेलं असावं.

शेवटच्या पेरणीनंतर पेशींना पूर्ण भरू द्यायचं असतं. आठ-दहा दिवसांत दोन ते आठ पेशींच्या जाडीचा अखंड थर तयार होतो. तो सोडवायला डिस्पेज, मिलिलिटरमागे २.५ मिलिग्रॅम, ३७ अंशांवर २० ते ४० मिनिटं. कडा वर उचलायला लागल्या की थांबायचं. सुटताच थर जवळजवळ निम्म्याने आक्रसतो; सुरुवातीच्या क्षेत्रफळाच्या हिशोबात ही घट धरायला नवखे विसरतात. दुधावरच्या सायीसारखा तो नुसता उचलता येत नाही, दुमडतो आणि स्वतःलाच चिकटतो. म्हणून डिशमध्येच त्यावर पॅराफिन लावलेली जाळीदार पट्टी ठेवायची, कडेने बारीक क्लिपांनी अडकवायचा आणि मग पट्टीसकट उचलायचा. असं केल्याने वाढणारी खालची बाजू उघडी राहते आणि तीच जखमेवर जाते. पट्टीची बाजू नेहमी वर. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हे मोठ्याने सांगावं, कारण उलटा लागलेला पापुद्रा काही तासांत मरतो. तीनदा धुऊन डिस्पेज आणि सीरम काढून टाकायचं, साध्या मीडियात, १५ ते २० अंशांच्या डब्यात रवाना.

डिस्पेजचा एक तोटा आहे. पेशी ज्या प्रथिनांनी तळाला धरून असतात, फायब्रोनेक्टिन आणि चौथ्या प्रकारचं कोलॅजन, तीच ते कापतं. जखमेवर पेशींना ही पकड नव्याने तयार करावी लागते. फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या पातळ थरावर पेशी वाढवल्या तर डिस्पेज लागतच नाही. सगळा थर सोलून काढता येतो, आक्रसत नाही, आणि फायब्रिन जखमेवर काही दिवसांत आपोआप विरघळतं. मात्र केराटिनोसाइट ते फ्लास्कमध्येच विरघळवू बघतात, म्हणून मीडियात अ‍ॅप्रोटिनिन घालावं लागतं. खर्च चढतो, तरी जिथे परवडेल तिथे फायब्रिनच घ्यावं.

इथून पुढचं अर्धं काम जखमेचं. पापुद्र्यात फक्त बाह्यत्वचा आहे. खाली अंतस्त्वचा नसेल तर तो चरबीवर किंवा स्नायूवर नीट धरत नाही. धरलाच तर कायम फोड येतात आणि जखम आक्रसत जाते. म्हणून पेशी वाढत असतानाच जळालेला भाग कापून काढून तिथे मृत दात्याची कातडी लावायची. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली, आणि आता राज्यात इतरही आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून पातळ थर घेतात, ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ४ ते ८ अंशांवर ठेवतात, रक्तगट जुळवावा लागत नाही. ही कातडी तीन-चार आठवडे जखम झाकते, पाणी आणि प्रथिनं वाया जाऊ देत नाही. शिवाय १९८६ साली येल विद्यापीठात क्युओनो यांनी दाखवलेली युक्ती वापरता येते. दात्याच्या कातडीची बाह्यत्वचा शरीर नाकारतं, पण अंतस्त्वचा फारशी नाकारत नाही. पापुद्रे तयार झाले की वरचा थर खरवडून काढायचा आणि खाली रुजलेल्या अंतस्त्वचेवर रुग्णाच्या पेशी बसवायच्या. त्वचादान न झालेल्या शहरात नुसती पेशींची प्रयोगशाळा उभारून फार काही साधणार नाही, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

लावण्याच्या दिवशी जखम कोरडी, रक्तस्राव पूर्ण थांबलेला, आणि जंतूंच्या बाबतीत नेहमीच्या ग्राफ्टपेक्षा (कलम केलेल्या कातडीपेक्षा) जास्त स्वच्छ हवी. छेद देऊन ताणलेला जाळीदार ग्राफ्ट थोडे जंतू सोसतो. हा थर सोसत नाही. क्लोरहेक्सिडीन, पोव्हिडोन-आयोडीन, चांदीची मलमं थरावर लागता कामा नयेत. वॉर्डातल्या परिचारिकांशी आधी बसून बोलावं, कारण वर्षानुवर्षांच्या सवयीने ड्रेसिंगवर हात जातो तो याच बाटल्यांकडे. पाठ आणि कुल्ले ही सर्वांत वाईट जागा: दाब, घर्षण, मलमूत्र. छाती, पोट, मांड्यांचा पुढचा भाग यांना आधी प्राधान्य द्यावं. पट्टी सात ते दहा दिवसांनी काढायची, ओली करून, ओढून नव्हे. खाली गुलाबी, किंचित चमकदार थर दिसला तर धरला. राखाडी आणि चिकट असेल तर नाही.

धरला तरी तो काही महिने नाजूक असतो. बाह्यत्वचेला खाली बांधून ठेवणारे सातव्या प्रकारच्या कोलॅजनचे तंतू या पेशी स्वतःच तयार करतात, पण ते पूर्ण व्हायला वर्षभर किंवा अधिक लागतं. तोवर घट्ट कपड्याच्या शिवणीनेही फोड येतात. फोड सुईने रिकामा करावा, साल काढू नये. घामाच्या ग्रंथी आणि केस येत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात अंग तापतं आणि कातडी कोरडी पडते. तेल किंवा मलम रोजचं. खाज बराच काळ राहते, हे घरच्यांना आधीच सांगावं.

सगळ्यांना इतका लांबचा रस्ता लागत नाही. ३० टक्क्यांच्या आत भाजलेल्याला स्वतःच्याच मांडीची कातडी १ ला ३ किंवा १ ला ४ (तिप्पट-चौपट ताणलेली) जाळी करून पुरते. त्याहून मोठ्या जळीतात १ ला ६ ची विरळ जाळी लावून तिच्या छिद्रांवर पेशी पापुद्र्याच्या रूपात किंवा फवारून टाकणं हा आम्हाला सर्वांत व्यवहार्य मार्ग वाटतो. जाळीसोबत थोडी अंतस्त्वचा जाते, पेशी मधल्या जागा लवकर भरतात, आणि फवारायच्या पेशी भरगच्च थर होण्याची वाट बघत नसल्याने निदान आठवडा वाचतो. कोडाच्या रुग्णांवर न वाढवलेल्या पेशींचं द्रावण लावण्याची पद्धत आपल्या देशात त्वचारोगतज्ज्ञ सर्रास वापरतात. ज्यांना या क्षेत्रात हात घालायचा आहे त्यांनी ट्रिप्सिन, गाळणी आणि पेशीमोजणी तिथे शिकून घ्यावी.

कोणत्याही रुग्णाच्या बाबतीत पहिल्या पॅसेजच्या पेशींच्या निदान काही कुप्या गोठवून ठेवाव्यात: १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रव्य), मिनिटाला १ अंशाने थंड करत, मग द्रव नायट्रोजनमध्ये. तिसऱ्या आठवड्यात स्यूडोमोनास या जिवाणूने निम्मे पापुद्रे गेले, तर नव्या बायोप्सीला जागा उरलेली नसते, आणि उरली तरी ती आता जंतूंनी भरलेली असते. कुपी उघडली की दहा-बारा दिवसांत पुन्हा पेरणीच्या टप्प्यावर येता येतं. टाकीतला नायट्रोजन आठवड्यातून दोनदा पट्टी घालून मोजावा आणि मोजणाऱ्याची सही घ्यावी. गोठवलेल्या पेशी किती वर्षं ठेवायच्या, कोणाच्या परवानगीने काढायच्या आणि रुग्ण दगावला तर त्यांचं काय करायचं, हे संमतिपत्रावर बायोप्सीच्या आधीच, नातेवाइकांना कळेल अशा मराठीत लिहिलेलं असावं.